बाकावरचे सोबती

इतिहासाच्या पुस्तकांत मैत्रीला फारशी जागा नसते. लढाया असतात, तह असतात, सनावळ्या असतात. दोन राजांची मैत्री झाली तर तिचाही लगेच करारनामा होतो आणि त्या करारनाम्याची कलमे पुढे आमची मुले पाठ करीत बसतात. मग पंधरासोळा वर्षांच्या पोरापोरींच्या मैत्रीची दखल कोणी घ्यावी? तिचा दस्तऐवज काय? वहीच्या शेवटच्या पानावर खरडलेल्या चार ओळी, मधल्या सुटीत वाटून खाल्लेला घास, आणि शाळा सुटल्यावर घरी न जाता कोपऱ्यावर मारलेल्या गप्पा. यांतले काहीच दप्तरखान्यात जात नाही.

मी शाळामास्तर आहे. आमच्या धंद्यात तर मैत्री ही वर्गातील शांततेची वैरीणच. वर्षाच्या आरंभी नवा वर्ग हाती आला की कोणाचे कोणाशी मेतकूट आहे हे मास्तर आधी हेरतो आणि त्या दोघांना दोन टोकांच्या बाकांवर नेऊन बसवतो. असे का करतात याचे उत्तर कोणीही देईल: दोघे एकत्र बसले की बोलतात. परंतु ती बोलतात काय, हा प्रश्न मात्र आम्ही सहसा विचारीत नाही. त्या प्रश्नाचे एक उत्तर मला फार दूरच्या एका शहरात सापडले. ते मला इतके मोलाचे वाटते की दिवाळीच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवावेसे वाटले.

ते शहर म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे लॉस एंजेलिस. आपल्याला ते सिनेमामुळे ठाऊक. पण त्याचे नावच स्पॅनिश आहे. १७८१ मध्ये स्पेनच्या अमलाखाली मेक्सिकोच्या बाजूने आलेल्या कुटुंबांनी ते वसवले. पुढे मेक्सिको स्वतंत्र झाला आणि नंतर अमेरिकेशी झालेल्या युद्धात हरला. १८४८ च्या तहाने कॅलिफोर्नियासह त्याचा फार मोठा मुलूख अमेरिकेकडे गेला. म्हणजे माणसे जागच्या जागी राहिली आणि सरहद्दच त्यांच्या अंगावरून पलीकडे निघून गेली! त्यांच्यात पुढे रोजगारासाठी उत्तरेकडे आलेल्या मेक्सिकन मजुरांची भर पडत गेली. मेक्सिको आपल्याला अगदीच परका नाही. वर्ध्याकडचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे परागंदा झाल्यावर तेथेच चपिंगोच्या शेतकी शाळेत अध्यापक होते, आणि दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात कायमचे बसवून ठेवले आहे. खानखोजे ज्या शेतकऱ्यांच्या मुलांना मेक्सिकोत शिकवीत होते, त्यांचेच भाऊबंद लॉस एंजेलिसच्या पूर्वेकडील वस्त्यांत मोलमजुरी करीत होते.

बॉयल हाइट्स, लिंकन हाइट्स, एल सेरेनो ही त्या वस्त्यांची नावे. लॅटिन अमेरिकेत मूळ असलेल्या सर्वांना आज तिकडे लॅटिनो म्हणतात. परंतु ज्या काळाची ही हकिगत आहे त्या काळी तेथील तरुण पोरे स्वतःला चिकानो म्हणवू लागली होती. हा शब्द आधी हिणवण्यासाठी वापरला जाई. पोरांनी तो उचलला आणि अभिमानाने छातीवर लावला.

या वस्त्यांत गारफील्ड, रूझवेल्ट, लिंकन आणि विल्सन या मोठ्या माध्यमिक शाळा होत्या; शहराच्या मध्यभागाजवळ बेलमाँट होती. हजारो मुले तेथे जात आणि त्यांतली बहुतेक मेक्सिकन वंशाची असत. १९६० नंतरच्या त्या वर्षांत गारफील्डमध्ये दाखल झालेल्या शंभर मुलांपैकी पन्नासांहून अधिक मुले शेवटच्या परीक्षेपर्यंत पोहोचतच नव्हती. मधेच गळून जात. शाळेच्या आवारात स्पॅनिश बोलले की छड्या बसत. मधल्या सुटीत शौचालयांना कुलपे लागत. शिक्षा म्हणून मुलांना झाडलोट करावी लागे. पुढे काय शिकावे याचा सल्ला देण्यासाठी नेमलेली माणसे मुलांना सुतारकाम नाही तर मोटारदुरुस्ती, आणि मुलींना टंकलेखन अशी वाट दाखवून मोकळी होत. कॉलेजचे नाव क्वचितच निघे. इतिहासाच्या पुस्तकात या मुलांच्या आजोबापणजोबांचा उल्लेख शोधूनही सापडत नसे.

आता या सगळ्याचा मुलाच्या मनावर काय परिणाम होतो, ते मास्तराला सांगावे लागत नाही. मूल काही शाळेला दोष देत नाही. ते स्वतःलाच दोष देते. आपण ढ आहोत, आपल्या जिभेलाच खोड आहे, आपल्या घराचीच रीत ओंगळ आहे असे त्याला वाटू लागते. आणि ही अशी लाज आहे की ती कोणाजवळ बोलता येत नाही. बापाजवळ नाही, कारण तो दिवसभर राबून आलेला असतो. मास्तराजवळ तर नाहीच. हजारो मुले एकाच गोष्टीची लाज बाळगतात, आणि प्रत्येकाला वाटते की ती आपली एकट्याचीच आहे.

लिंकन शाळेत साल कास्त्रो नावाचे एक मास्तर होते. त्यांचा जन्म १९३३ चा, बॉयल हाइट्समधला. त्या मंदीच्या काळात मेक्सिकन वंशाच्या लाखो लोकांना अमेरिकेतून मेक्सिकोत परत पाठविण्यात आले. त्यांत कास्त्रोंचे वडीलही गेले. त्यामुळे लहानपणी काही काळ मेक्सिकोत शिकून मुलगा लॉस एंजेलिसला परतला तेव्हा त्याला इंग्रजी येत नव्हते. बाईंनी त्याला कोपऱ्यात बसविले. पुढे कास्त्रो मास्तर गमतीने सांगत की मला वाटे, या बाईच मठ्ठ आहेत, त्यांना एवढे साधे स्पॅनिशसुद्धा कळत नाही! इतक्या लहान वयात ज्याला असे वाटू शकले तो वाचला. बाकीच्या मुलांना तसे वाटत नव्हते, हीच तर अडचण होती.

मास्तर आधी बेलमाँटमध्ये होते. १९६३ मध्ये त्यांनी मेक्सिकन मुलांना विद्यार्थी मंडळाच्या निवडणुकीला उभे राहण्याचा आग्रह केला. मुले उभी राहिली आणि भाषणात चार वाक्ये स्पॅनिशमध्ये बोलली. एवढ्यावरून गहजब झाला आणि मास्तरांची बदली लिंकनला झाली. बदलीने माणूस गप्प होतो, असा वरिष्ठांचा सर्व देशांत समज असतो.

त्याच वर्षापासून आणखी एक गोष्ट सुरू झाली होती. मालिबूच्या समुद्रकिनाऱ्याजवळ हेस क्रेमर नावाची एक छावणी होती. ती ज्यू समाजाची. तेथे दरवर्षी मेक्सिकन वंशाच्या निवडक विद्यार्थ्यांचे शिबिर भरू लागले. कास्त्रो मास्तर त्यात मन लावून काम करीत. हेतू अगदी साधा आणि सरकारमान्य होता: मुले चांगली नागरिक व्हावीत. दोनतीन दिवस राहायचे, चर्चा करायच्या, गाणी म्हणायची. परंतु वेगवेगळ्या शाळांतली मुले प्रथमच एका छपराखाली झोपली, आणि दिवे मालवल्यावर जे बोलणे होते ते बोलली. लिंकनच्या मुलीने सांगितले, आमच्याकडे असे असे होते. रूझवेल्टची मुलगी म्हणाली, अगं, आमच्याकडेही! गारफील्डचा मुलगा म्हणाला, आमच्याकडे याहून वाईट. हा संवाद कोणी टिपून ठेवलेला नाही. मी तो कादंबरीकाराच्या सवयीने रचला आहे. पण त्या शिबिरातून आलेल्यांनी पुढे ज्या आठवणी सांगितल्या त्यांचे सार हेच आहे. आपल्या एकट्याची वाटणारी लाज ही आपली नव्हेच, ती बाहेरून लादलेली आहे, हे त्यांना तेथे कळले.

माझ्या मते मोठे होणे याचा अर्थ हाच. मिसरूड फुटणे आणि आवाज फुटणे ही शरीराची कामे. ती आपोआप होतात. जी गोष्ट आपल्याच कपाळी लिहिलेली आहे असे वाटत होते ती दहा जणांच्या कपाळी कोणीतरी लिहिली आहे, हे ज्या दिवशी कळते त्या दिवशी मूल मोठे होते. आणि हे ज्ञान पुस्तकातून येत नाही, मास्तराकडूनही पुरते येत नाही. ते बरोबरीच्या सोबत्याकडूनच यावे लागते.

शिबिरातल्या ओळखी शिबिराबरोबर संपल्या नाहीत. १९६६ मध्ये त्यांतल्या काही मुलांनी एक तरुणांचे मंडळ काढले. रूझवेल्टमध्ये शिकलेली विकी कास्त्रो त्याची पहिली अध्यक्ष. आडनाव तेच असले तरी मास्तरांशी तिचे नाते नव्हते. लिंकन हाइट्समधील एपिफनी चर्चचे पाद्री जॉन लूस यांनी मुलांना आसरा दिला. त्याच चर्चच्या तळघरातून ‘ला रासा’ नावाचे वर्तमानपत्र निघू लागले. १९६७ च्या अखेरीस ‘ला पिरान्या’ नावाचे कॉफीचे दुकान मुलांनी थाटले. दुकान म्हणजे निमित्त; तो अड्डाच होता. पोलिसांचा त्यावर डोळा असे. चार पोरे एकत्र बसून काय करतात, हा संशय मास्तरांप्रमाणे पोलिसांनाही छळतो.

लिंकनमध्ये शेवटच्या वर्षात पॉला क्रिसोस्तोमो नावाची सतरा वर्षांची मुलगी होती. वडील फिलिपिनो, आई मेक्सिकन. हेस क्रेमरच्या शिबिरातून ती आली होती. तिने आणि तिच्या सोबत्यांनी प्रथम दंगा केला नाही, प्रश्नावली काढली! शाळेत काय हवे, काय नको, हे विद्यार्थ्यांना विचारले. उत्तरे गोळा करून वरिष्ठांकडे मागण्या नेल्या. वरिष्ठांनी ऐकून घेतले आणि सोडून दिले. तेव्हा मग वर्गाबाहेर पडण्याचा विचार पुढे आला.

शाळा सुटल्यावर संध्याकाळी फलक घेऊन उभे राहता आले असते. परंतु कास्त्रो मास्तरांनी मुलांना एक हिशेब समजावून दिला होता. तेथील शाळांना सरकारी पैसा मिळे तो रोजच्या हजेरीवर. मूल वर्गात बसलेले असले तर त्याच्यामागे पैसे. नसले तर नाही. वर्गात बसलेल्या मुलाच्या म्हणण्याला किंमत नव्हती, पण त्याच्या बसण्याला होती. तेव्हा उठून जावयाचे, आणि सकाळी हजेरी पुरी होण्याच्या आतच जावयाचे! कॉलेजात गेलेले माजी विद्यार्थी मदतीला आले. लिंकनमध्ये शिकून विद्यापीठात गेलेला मॉक्तेसुमा एस्पार्झा त्यांतला एक.

मुहूर्त मात्र ठरल्याप्रमाणे साधला नाही. १ मार्च १९६८, शुक्रवार. विल्सन शाळेत मुलांचे एक नाटक बसत होते, नील सायमनचे हलकेफुलके विनोदी नाटक. मुख्याध्यापकांनी ते ऐनवेळी रद्द केले, आणि सुमारे तीनशे मुले चिडून बाहेर पडली. ज्या मुलांनी शौचालयाची कुलपे, छड्या आणि अपमान सोसले, ती नाटक बंद पडल्यावर उठली! हसू येते, पण मला त्यात मोठा अर्थ दिसतो. नाटक ही सगळ्यांनी मिळून केलेली गोष्ट होती. एकेकट्याचा अपमान गिळता येतो, सोबत्यांचे मिळून केलेले काम मोडले की गिळता येत नाही.

मंगळवारी, ५ मार्चला, गारफील्डची सुमारे दोन हजार मुले बाहेर आली. दुसऱ्या दिवशी लिंकन आणि रूझवेल्ट. लिंकनची एक हकिगत विकी कास्त्रोने पुढे सांगितली आहे. तिच्याकडे एकच काम होते: नोकरीबद्दल बोलावयाचे म्हणून मुख्याध्यापकांची भेट मागावयाची आणि मुले ओरडत जिन्यांवरून धावू लागेपर्यंत त्यांना खोलीत बोलण्यात गुंतवून ठेवावयाचे. एक तरुणी खुर्चीवर सभ्यपणे बसून नोकरीच्या गोष्टी करीत आहे, आणि तिचे कान मात्र बाहेरच्या बोळाकडे लागलेले आहेत. इतिहासाच्या थोर प्रसंगांत असल्या भूमिका कोणाच्या तरी वाट्याला याव्याच लागतात.

रूझवेल्टमध्ये दारे बंद केली गेली तेव्हा मुलांनी कुंपणे ओलांडली. तेथे आणि बेलमाँटमध्ये पोलिसांच्या लाठ्या चालल्या. पोरांची डोकी फुटली. आयांनी आणि बापांनी ते पाहिले, आणि ज्यांना आपली मुले बहकली असे वाटत होते त्यांच्यांतले कितीतरी जण त्या दिवसापासून मुलांच्या बाजूला येऊन उभे राहिले. शुक्रवारी, ८ मार्चला, निरनिराळ्या शाळांची मुले हॅझर्ड पार्कमध्ये एकत्र जमली. त्या आठवड्यात बाहेर पडलेल्यांचा आकडा कोणी दहा हजार सांगतात, कोणी पंधरा, कोणी त्याहूनही अधिक. आठवडा संपता संपता सिनेटर रॉबर्ट केनेडी यांनी मुलांच्या पुढाऱ्यांची भेट घेतली आणि त्यांना पाठिंबा दिला. तीनच महिन्यांनी त्याच शहरात त्यांचा खून व्हावयाचा होता.

परंतु मला अधिक विचार करावासा वाटतो तो वर्गात बसून राहिलेल्या मुलांचा. सगळी काही बाहेर पडली नाहीत. कोणाला बापाची भीती, कोणाला अंतिम परीक्षेची. कोणी आपल्या घरातले पहिलेच मूल त्या इयत्तेपर्यंत पोहोचलेले; त्याने दाखला गमावला तर साऱ्या घराची आशा बुडणार. खिडकीतून आपला जिवलग मित्र रस्त्यावर चाललेला दिसतो आहे आणि आपण बाकाला चिकटून आहोत, त्या अर्ध्या तासाचे वर्णन कोणत्याही इतिहासात येत नाही. त्या मुलांना भित्री म्हणण्याचा अधिकार मला नाही. मैत्री धैर्य देते हे खरे, पण ती किंमतही मागते, आणि सोळाव्या वर्षी ती किंमत मोजता येईलच असे नाही.

मार्चअखेर लिंकन शाळेतच शिक्षण मंडळाची सभा झाली. बाराशेच्या आसपास माणसे जमली. मुलांच्या व पालकांच्या वतीने एकूण ३९ मागण्या मांडण्यात आल्या. त्या वाचताना मी थक्क झालो. दोन भाषांतून शिक्षण हवे. पुस्तकांत आमच्या लोकांचा इतिहास हवा. मुलांना तुच्छ लेखणारे शिक्षक दूर करा. झाडलोट मुलांकडून करून घेऊ नका. शौचालयांची कुलपे काढा. भोजनगृहात मेक्सिकन पदार्थ ठेवा, आणि ते नीट होतात की नाही हे पाहावयास आमच्या आयांना येऊ द्या. यांत बंड कोठे आहे? आईच्या हातची चव शाळेत यावी, एवढ्यासाठी डोकी फोडून घ्यावी लागली. मंडळाने म्हटले, पैसा नाही.

त्यानंतर सरकारी चक्र फिरले. मे महिना संपत असताना कास्त्रो मास्तरांसह तेरा जणांना पकडण्यात आले. शाळेची शांतता बिघडविणे हा किरकोळ गुन्हा. पण त्यासाठी कट केला असा आरोप ठेवला की तो भयंकर होतो. तेराजणांत शाळामास्तर एकटे कास्त्रो. त्यांना वर्गावरून दूर करण्यात आले. सप्टेंबरात शाळा उघडली आणि मास्तर नाहीत, हे पाहून मुले व पालक लिंकनच्या दारात उभे राहिले. पुढे शिक्षण मंडळाच्या सभागृहात त्यांनी आठवडाभर ठाण मांडले, रात्री तेथेच काढल्या. ऑक्टोबरच्या आरंभी मंडळ नमले आणि मास्तर वर्गात परतले. खटला मात्र १९७० पर्यंत लोंबकळत राहिला. शेवटी वरच्या न्यायालयाने तो रद्द केला.

मग मिळविले काय? हा प्रश्न हिशेबी वाचक विचारणारच. ३९ मागण्यांपैकी बहुतेक तशाच पडून राहिल्या. मुले गळण्याचे थांबले नाही. तथापि विद्यापीठांची दारे थोडी किलकिली झाली, आणि त्या वस्तीतून कॉलेजात जाणाऱ्यांची संख्या पुढच्या दोनतीन वर्षांत झपाट्याने वाढली. विकी कास्त्रो शिक्षिका झाली, मुख्याध्यापिका झाली, आणि १९९३ मध्ये ज्या शिक्षण मंडळाशी ती भांडली होती त्याच मंडळावर निवडून आली. एस्पार्झा चित्रपटनिर्माता झाला. २००६ मध्ये या घटनेवर जो चित्रपट निघाला त्याच्या निर्मितीत त्याचा हात होता. लिंकनमधली योली रिओस आणि बॉबी व्हर्डूगो यांनी पुढे लग्न केले, आणि बॉबीने कोवळ्या वयात बाप झालेल्या पोरांना सावरण्याच्या कामात आयुष्य घातले. मास्तर २०१३ मध्ये वारले. त्याआधी २०१० मध्ये एका शाळेला त्यांचे नाव देण्यात आले, आणि ती शाळा भरली बेलमाँटच्या आवारात, जेथून त्यांना एकदा घालविण्यात आले होते.

मात्र या यशाच्या यादीपेक्षा मला दुसरी एक गोष्ट बोलकी वाटते. ज्या गारफील्डमधून निम्मी मुले गळत, त्याच गारफील्डच्या चित्रकलेच्या वर्गात दाविद हिदाल्गो आणि लुई पेरेस ही दोन मुले भेटली. दोघांना एकाच प्रकारच्या गाण्यांचे वेड. त्या गट्टीतून १९७३ मध्ये ‘लोस लोबोस’ हा वाद्यवृंद उभा राहिला आणि जगभर गाजला. त्याच शाळेतल्या हॅरी गांबोआ, ग्रॉन्क, विली एरॉन आणि पात्सी वाल्देस या चौघांनी ‘आस्को’ नावाची कलावंतांची टोळी काढली. १९७२ मध्ये यांतल्या तिघांनी शहराच्या मोठ्या कलासंग्रहालयाच्या भिंतीवर आपली नावे रंगवून टाकली. आत आम्हांला जागा नाही ना, मग बाहेरून सही करतो! शाळेने या मुलांना काय दिले? बाकावरचा सोबती दिला. न कळत दिला, पण दिला.

आणखी एक हकिगत सांगून हे लांबलेले लिखाण आवरते घेतो. हाइमे एस्कलांते नावाचे बोलिव्हियाहून आलेले गणिताचे मास्तर १९७४ पासून गारफील्डमध्ये शिकवीत होते. १९८२ मध्ये त्यांचे अठरा विद्यार्थी कलनशास्त्राच्या कठीण परीक्षेला बसले आणि अठराही उत्तीर्ण झाले. परीक्षा घेणाऱ्या संस्थेला चौदा जणांच्या उत्तरांत साम्य दिसले; चुकाही सारख्या! संशय आला. एकाच मास्तराकडे, एकाच खोलीत, महिनोन् महिने मांडीला मांडी लावून शिकलेली मुले एकाच रीतीने गणित सोडविणार, हे त्यांच्या बाजूच्या लोकांनी परोपरीने सांगितले. शेवटी चौदांपैकी बारा जण पुन्हा परीक्षेला बसले, आणि बाराही पुन्हा उत्तीर्ण झाले. १९८८ मध्ये या प्रसंगावर चित्रपट निघाला. त्यात एडवर्ड जेम्स ओल्मोस याने मास्तरांची भूमिका केली, आणि वर्गाबाहेर पडलेल्या मुलांवरचा २००६ चा चित्रपट दिग्दर्शित केला तोही त्यानेच.

१९६८ मध्ये मुले एकत्र उठली तेव्हा तो कट ठरला. १९८२ मध्ये मुले एकत्र बसून शिकली तेव्हा तिला लबाडी म्हटले गेले. गरिबाच्या पोरांची मैत्री ही नेहमीच कोणाला तरी संशयास्पद वाटते. त्याचे कारण उघड आहे. एकटे मूल आपल्या वाट्याला आलेले निमूट सोसते. दोघे झाली की ती आपापली दुःखे ताडून पाहतात, आणि ताडून पाहिल्यावर प्रश्न विचारतात. कास्त्रो मास्तरांची थोरवी मला यात दिसते की त्यांनी मुलांना उत्तरे फारशी शिकविली नाहीत. त्यांनी त्यांना एकमेकांशी बोलावयास जागा मिळवून दिली, आणि जेव्हा मुले उठली तेव्हा ते मुलांबरोबर फाटकाबाहेर गेले. मास्तर आत राहिला असता तर कोणी त्याला दोष दिला नसता. नोकरी राहिली असती, तुरुंग टळला असता. फक्त पुढच्या दिवशी त्या वर्गात इतिहास शिकविण्याचा त्याचा अधिकार संपला असता.